सांगू नका, काका

गिरगावातल्या एका वाडीच्या तोंडाशी ओट्यावर एक काका पेपर वाचत बसले होते. शनिवार, सकाळचे पावणेसात. नळाचं पाणी नुकतंच येऊन गेलेलं, फरश्या ओल्या, कुठल्याशा खिडकीतून उदबत्तीचा आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळून बाहेर येत होता. हातात नकाशा, अंगठ्याला होकायंत्र बांधलेली एक मुलगी धावत आत शिरली. वाडीच्या टोकाच्या भिंतीपर्यंत गेली, थबकली. नकाशाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत नकाशाकडे. काकांनी पेपर खाली केला. "काय शोधतेयस गं? ते नारिंगी-पांढरं कापड ना?" आणि त्यांचा हात शेजारच्या वाडीकडे उठायला लागला. मुलगी जवळजवळ ओरडलीच, "नको, नको! सांगू नका, काका!" आणि आली त्याच बोळाने उलटी पळाली. काकांचा हात अर्धा वर तसाच राहिला.

तो अर्धवट उठलेला हात काही केल्या डोक्यातून जाईना.

मुलीचं चुकलं नव्हतं. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा, होकायंत्र आणि आपण. फोन काढायचा नाही, घड्याळातला जीपीएस पाहून वाट शोधायची नाही, वाटेत कुणाला विचारायचं नाही. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण छापलेला असतो, तिथून सुरुवात. मग आकडे घातलेली वर्तुळं, त्याच क्रमाने गाठायची. शेवटी एकात एक अशी दोन वर्तुळं, तिथे शर्यत संपली. प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर मध्यावर जी वस्तू आहे, म्हणजे भिंतीचा कोपरा, जिन्याचा पायथा, जंगलात असेल तर कातळ किंवा घळ, तिथे ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं नारिंगी-पांढरं कापड टांगलेलं असतं. त्याला कंट्रोल म्हणायचं. दोन कंट्रोलमधली वाट कुणी आखून देत नाही. ती निवडणं हाच खेळ. सर्वसामान्य लोकांसाठीची पहिली शर्यत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली. मैलोन्‌मैल जंगल आणि तुरळक वस्ती असलेल्या त्या मुलखात 'कुणाला विचारू नका' हा नियम पाळणं फारसं जड गेलं नसेल. विचारायला होतंच कोण?

मुंबईत मात्र सगळा पत्ता विचारण्यावरच चालतो. "वाण्याच्या दुकानावरून आत या, पिंपळापाशी डावीकडे वळा, आणि तिथं कुणालाही विचारा." पत्त्यातलं हे शेवटचं वाक्य ऐकायला औपचारिक वाटतं, पण खरं काम तेच करतं. दिशासुद्धा आपण रुळांवरून ठरवतो. दादर ईस्ट, अंधेरी वेस्ट. सूर्य कुठे उगवतो याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, पुलाच्या कुठल्या टोकाला उतरायचं तेवढं कळलं की झालं. अशा शहरात वाढलेल्या माणसाच्या हातात नकाशा देऊन 'आता तोंड बंद' म्हणणं ही मोठी मागणी आहे. धावणाऱ्याकडून तर आहेच, ओट्यावर बसलेल्याकडून त्याहून जास्त. वाट चुकलेला माणूस समोर उभा आहे आणि आपण गप्प बसायचं, हे गिरगावात कुणाला शिकवलेलंच नाही.

ती चुकली कशी, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. गिरगावात मोठ्या रस्त्यावरून आत शिरणाऱ्या वाड्या एकमेकींच्या शेजारी, साधारण एकाच दिशेने जातात. तोंडं सारखी, रुंदी सारखी, आत गेल्यावर दोन्ही बाजूंना चाळी आणि टोकाला भिंत. शहरातल्या स्प्रिंट शर्यतीचा नकाशा १:४००० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरच्या एका सेंटिमीटरात ४० मीटर. दोन वाड्यांमधली भिंत तिथे एका जाड काळ्या रेघेएवढी दिसते. त्या रेघेला अर्थ आहे: जाड काळी रेघ ओलांडायची नाही. भिंत कमरेएवढी असली, पलीकडचं कापड दिसत असलं, हात लांबवला तर लागेल असं असलं, तरी नाही. उडी मारली की शर्यतीतून बाद. शर्यतीची आखणी करणारा नेमका इथेच कंट्रोल ठेवतो, भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. वर्तुळाचा मध्य भिंतीच्या कुठल्या बाजूला पडलाय हे मिलिमीटरच्या अंशात वाचावं लागतं, आणि धावता धावता ते वाचलं जात नाही. मुलगी योग्य भिंतीपाशी चुकीच्या बाजूने पोहोचली होती. कंट्रोल तिच्यापासून चार-पाच मीटरवर होता आणि वाट परत रस्त्यावर जाऊन, पुढच्या तोंडातून आत, दीडेकशे मीटरची.

यावरचा उपाय अनुभवी लोक सगळ्यात आधी शिकवतात, आणि घाईत तोच सगळ्यात आधी सुटतो. वाट कंट्रोलपासून उलटी वाचायची. आधी कापड भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे ते पक्कं करायचं. मग त्या बाजूला कुठल्या बोळातून जाता येतं ते. मग तो बोळ रस्त्याला कितव्या तोंडाशी मिळतो. पायाखालून पुढे वाचत गेलं की डोळा सरळ रेघ ओढतो आणि ती रेघ भिंतीवर आपटते. नकाशासोबत मिळणाऱ्या वर्णनाच्या पट्टीत आठ रकाने असतात. त्यातल्या सातव्यात कापड वस्तूच्या नेमक्या कुठल्या अंगाला आहे ते चिन्हाने दिलेलं असतं. उत्तर बाजू, आतला कोपरा, जिन्याचा पायथा. बहुतेक नवखे दुसऱ्या रकान्यातला कंट्रोलचा आकडा तेवढा बघतात. आकडा बघायलाच हवा, कारण शेजारच्या वाडीत दुसऱ्याच गटाचा कंट्रोल टांगलेला असू शकतो. हे आकडे ३१ पासून सुरू होतात, म्हणजे कंट्रोलच्या क्रमाशी गल्लत होत नाही. आणि ६६, ६८, ८९ असे, इंग्रजी आकड्यांत उलटे धरले तर भलतेच वाचले जाणारे, वापरत नाहीत. पण सातवा रकाना हा शहरातल्या शर्यतीचा अर्धा जीव आहे.

बोटाला बांधलेली चिप कंट्रोलच्या डबीत घातली की बीप वाजतो आणि दिवा चमकतो. बीप होण्याआधी बोट काढलं तर नोंद होत नाही, आणि मधला एक कंट्रोल जरी नोंदला गेला नाही तरी बाकी सगळी धाव वाया. गिरगावात सकाळी देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, स्कूटरचा हॉर्न यांत तो बीप ऐकू येईलच असं नाही. म्हणून कान नाही, डोळा ठेवायचा. दिवा दिसेपर्यंत बोट हलवायचं नाही. सुरुवातीच्या रांगेत चिप आधी कोरी करायची आणि कोरी झाली की नाही ते दुसऱ्या डबीत तपासायचं, हेही थंडीत हात चोळत उभं असताना राहून जातं.

होकायंत्राचं शहरात थोडं वेगळं असतं. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एक अंशाहूनही कमी, आणि ओरिएंटियरिंगचा नकाशा तसाही चुंबकीय उत्तर धरूनच काढतात, त्यामुळे बेरीज-वजाबाकीचा प्रश्न नाही. प्रश्न लोखंडाचा आहे. खिडक्यांच्या ग्रिल, लावून ठेवलेल्या गाड्या, कंबरेच्या पाऊचमधला फोन, सगळेच सुईला ओढतात. ही तक्रार या शहरात नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत होते. सप्टेंबर १८५९ चं मोठं सौर वादळ त्या नोंदींमध्ये उतरलेलं आहे. शहरात विजेच्या ट्राम येणार असं दिसल्यावर ते काम अलिबागला न्यावं लागलं आणि १९०४ पासून तिथल्या नोंदी सुरू झाल्या. ट्रामला घाबरून सुया खाडीपार गेल्या, तिथे आपण ग्रिलला टेकून दिशा बघू नये. भिंतीपासून दोन पावलं लांब, बोळाच्या मध्ये उभं राहावं. खरं तर गल्लीत होकायंत्र हवं असतं ते एकाच कामाला: बाहेर पडताना नकाशा उलटा धरलेला नाही ना, एवढं बघायला. उलटा नकाशा धरून आत्मविश्वासाने विरुद्ध दिशेला सुसाट सुटणं ही या खेळातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग चूक. आणि होकायंत्र परदेशातून मागवायचं असेल तर आपल्या अक्षांशाला जुळवलेलं मागवावं. उत्तर युरोपासाठी तोललेली सुई इथे एका टोकाने झुकते, तळाला घासते आणि अडखळत फिरते.

नकाशा काढणाऱ्याचं काम या भागात कधी संपत नाही. इमारती करड्या रंगात, छताखालून जाता येणारी जागा फिकट करड्यात, खासगी अंगण हिरवट पिवळ्यात, म्हणजे पाऊल टाकायचं नाही. दोन चाळींमधली हाउस गल्ली कागदावर झकास जवळची वाट वाटते. तिथे वरून पाणी पडतं, कचरा असतो, उघडी गटारं असतात. ती बंदच दाखवायला हवी. मार्चमध्ये पाहणी केलेली चाळ डिसेंबरात पत्र्याच्या कुंपणाआड गेलेली असते, पुनर्विकासाचा फलक लागलेला असतो. म्हणून शर्यतीच्या आठवड्यात एकदा सगळा कोर्स पायी फिरून बघण्याला पर्याय नाही. वाहता रस्ता ओलांडायचा असेल तर दोन्ही कडांना एकेक डबी ठेवतात आणि मधला वेळ मोजणीतून वजा करतात, म्हणजे कुणी घड्याळासाठी बसच्या पुढ्यात धावणार नाही. ही सोय नसलेल्या शर्यतीत लहान मुलांना उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि याच पाहणीत आणखी एक काम धरलं पाहिजे. ओट्यांवर बसणाऱ्यांना आदल्या दिवशी भेटायचं.

पोलीस ठाण्यात पत्र जातं, चाळ कमिटीला, मंडळाला फोन होतो. पण सकाळी सातला ओट्यावर कमिटी नसते, काका असतात. "उद्या मुलं पळत येतील, कापड शोधत असतील, तुम्ही बघा पण सांगू नका, त्यांचा खेळच तो आहे," एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ते सांगितलेलं नव्हतं. मुलीने नियम पाळला, काकांनी शेजारधर्म पाळला, आणि दोघांच्या मध्ये जी माहिती असायला हवी होती ती पोचवायची जबाबदारी आखणी करणाऱ्याची होती.

शनिवारी संध्याकाळी बहुतेक जण पाय वर करून झोपतात. तेव्हा करायचं एक छोटं काम आहे. ही जोडशर्यत आहे: शनिवारी शहरात, रविवारी जंगलात. रविवारच्या जंगलाच्या नकाशाचं प्रमाण १:१०००० असतं. आज एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर होते, उद्या १०० होणार. अडीचपट. डोक्याला हे कळतं, पण अंगठ्याला कळत नाही. ओरिएंटियरिंगमध्ये नकाशा घडी घालून आपण आत्ता जिथे आहोत तिथे अंगठा ठेवतात आणि धावता धावता तो पुढे सरकवत नेतात. आदल्या दिवशी वीस मिनिटं एका वेगाने सरकलेला अंगठा दुसऱ्या दिवशी तितकाच भराभर सरकतो. माणूस घळीपाशी पोचायच्या आधीच 'आली घळ' म्हणून वळतो आणि मोकळ्या उतारावर कापड शोधत बसतो. जोडशर्यतींच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन कंट्रोलला जो वेळ जातो तो बहुतेक यातच. म्हणून आदल्या रात्री जंगलाचा एखादा जुना नकाशा घ्यायचा आणि पावलांशी जुळवायचा. डावा पाय पडला की एक, असं मोजलं तर चालताना १०० मीटरला साधारण ६० ते ६५ जोडपावलं होतात, हळू धावताना ४० च्या आसपास. चढावर आणि गवतात ती वाढतात. स्वतःचा आकडा मैदानावर मोजून पाठ केलेला असला की सकाळी अंगठ्याला लगाम बसतो.

कर्जत लोकलला रविवारी पहाटे बसायला जागा मिळते. कल्याणनंतर रूळ आग्नेयेकडे वळतात; बदलापूरची 'ईस्ट' बघता बघता ईशान्येकडे झुकते आणि आपली रुळांवरची दिशा तिथेच ढिली पडायला लागते. नेरळच्या पुढे उजवीकडे माथेरानचा डोंगर अंधारातून सुटा होतो. स्टेशनवर उतरलं की वडापावच्या तेलाचा पहिला वास, आणि मग टमटममधून टेकडीच्या पायथ्याशी. परवानगी घेतलेली जागा, तंबू, सुरुवातीचा झेंडा.

जंगलाच्या नकाशावर पांढरा रंग म्हणजे मोकळा कागद नव्हे. पांढरं म्हणजे झाडी आहे आणि तिच्यातून धावता येतं. पिवळा म्हणजे उघडं माळरान, हिरवा म्हणजे दाट, आणि हिरवा जितका गडद तितकी वाट कठीण. ही रंगसंगती उत्तरेकडच्या जंगलांतून आली, आणि सह्याद्रीत ती वर्षाला दोनदा खोटी पडते. मे महिन्यात सागाखालून आरपार दिसणारा पांढरा उतार सप्टेंबरात छातीएवढ्या गवताने आणि वेलींनी भरतो. कारवीची गच्च काठी तर हंगाम कुठलाही असो, खांदा अडकवते. घाणेरीच्या जाळीत शिरलेला माणूस बाहेर येतो तेव्हा वेळ गेलेली असते आणि बाही फाटलेली असते. त्यामुळे आपल्याकडच्या नकाशावर पाहणीचा महिना छापलेला हवाच, आणि धावणाऱ्याने तो आधी वाचायला हवा. पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट. हिवाळा उतरताना खाजकुइलीच्या शेंगा वाळतात, त्यांची कुसं उघड्या कातडीला लागली तर शर्यत तिथेच संपते.

जंगलात अडवणाऱ्या भिंती नसतात, तिथे आकार वाचायचे असतात. तपकिरी समोच्च रेषा, दोन रेषांमध्ये पाच मीटरचा चढ. रेषा उताराकडे फुगली की सोंड, चढाकडे आत वळली की घळ. सोंडेवर पावलाखाली जमीन कोरडी लागते, घळीत पालापाचोळा ओला आणि हवा गार. नकाशा न बघताही पायाला फरक समजतो. थेट कंट्रोलवर नेम धरायचा नाही. आधी एखादी मोठी, न चुकणारी जागा गाठायची, ओढ्याचा संगम किंवा पठाराची कड, आणि तिथून शेवटचे शंभर मीटर हळू, होकायंत्र आणि पावलं धरून जायचं. ओढ्याकाठचा कंट्रोल असेल तर मुद्दाम थोडं एका बाजूला नेम धरावा. ओढा लागला की कुठल्या हाताला वळायचं याची शंका उरत नाही. वाट निवडताना दहा मीटरचा चढ म्हणजे सपाटीवरचे शंभर मीटर, असा ढोबळ हिशेब करतात. ढोरवाटांवर मात्र विसंबू नये. गुरं चरायला जातात, मुक्कामाला पोचायला नाही. ती वाट छान दिसते आणि करवंदीच्या जाळीत विरून जाते.

आणि चकवा. कोकणात आणि मावळात लोक सांगतात, अमक्या टेकाडावर चकवा लागतो, माणूस रात्रभर चालतो आणि सकाळी तिथेच असतो. त्यात काही खोटं नाही. सूर्य किंवा दूरची खूण दिसत नसली की सरळ चालतोय असं समजत माणूस खरोखर गोल फिरतो. दोन घळी शेजारी शेजारी असल्या की दुसरा चकवा लागतो. चुकीच्या घळीत उभा असलेला माणूस नकाशातली एकेक गोष्ट समोरच्या जमिनीवर बसवायला लागतो. हा तोच कातळ असेल, ही तीच वाट असेल, थोडी वेगळी दिसते इतकंच. गिरगावातल्या दोन वाड्या आणि टेकडीवरच्या दोन घळी ही एकच चूक आहे. फक्त वाडीत भिंत थांबवते. घळीत काहीच थांबवत नाही, आपणच थांबावं लागतं. खूण जुळत नाही असं दुसऱ्यांदा वाटलं की उभं राहायचं, नकाशा उत्तरेला लावायचा, शेवटची पक्की जागा आठवायची आणि गरज पडली तर तिथवर परत जायचं. अर्ध्या मिनिटाचं हे थांबणं धावणाऱ्याला फार जड जातं.

जंगलातही विचारणारं भेटतंच. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया, गुरं राखणारा पोरगा. "काय हरवलं?" असं ते हमखास विचारतात. "काही नाही मावशी, खेळ आहे," म्हणून पुढे जायचं. एकच अपवाद, आणि तो पाठच असावा: दुखापत झाली तर खेळ तिथेच संपला. शिट्टी बरोबर असतेच; एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. दुसऱ्याची ऐकली तर आपली शर्यत सोडून आवाजाकडे जायचं, आणि तेव्हा ज्याला वाट माहीत असेल त्याला खुशाल विचारायचं. शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटच्या तंबूत येऊन चिप दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही. न सांगता लोकल पकडून गेलेल्या एका माणसामागे वीस जण अंधार पडेपर्यंत टेकडी पालथी घालतात.

शनिवारी साडेनऊ वाजता, शर्यत आटोपल्यावर, कंट्रोल गोळा करणारा मुलगा त्या वाडीत गेला. काका अजून ओट्यावर होते, पेपर घडी होऊन मांडीखाली. त्यांनी आधी हिशेब दिला: अकरा जण पहिल्यांदा इथे आले आणि मग पलीकडे गेले. मी कुणाला काही सांगितलं नाही, त्या मुलीनंतर. मुलाने तो आकडा नकाशाच्या मागे लिहून घेतला. आखणी करणाऱ्याला असा साक्षीदार सहसा मिळत नाही. मग काकांनी विचारलं, "तिला सापडलं का?" सापडलं होतं. "बघू तो कागद," म्हणाले.

मुलाने नकाशा त्यांच्या हातात दिला आणि समजावायला तोंड उघडलं, पण काकांनी हातानेच थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. करडे ठोकळे, काळ्या रेघा, जांभळी वर्तुळं. बराच वेळ बोट फिरत राहिलं. मग ते एका बारीकशा काळ्या गोलावर थांबलं. "हे आमचं वृंदावन," ते म्हणाले, आणि मान वर करून अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. कागदावर ती डाव्या हाताला होती, अंगणात उजव्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. काकांनी नकाशा हातातल्या हातात हळूहळू फिरवला, अर्धा वळसा, तुळस तुळशीसमोर येईपर्यंत.